कॉम्प्रेसर रूम चकाचक, तरी बाटलीत तवंग: हवेच्या लाइनवर या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऐन जुलैत फेस टोनरची बॅच अडकली. टोनर पारदर्शक, बाटलीही पारदर्शक. उजेडासमोर धरली की वर बारीक तवंग. तीन दिवस सगळे सुगंधाच्या मागे लागले होते. सुगंधी तेल नीट विरघळलं नसेल, ते पाण्यात मिसळवणारा सोल्युबिलायझर कमी पडला असेल. पण मिक्सिंग टाकीतला नमुना स्वच्छ निघत होता. शेवटी लाइनवरचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, एकदा रिकामी बाटली बघा ना." रिकाम्या बाटलीत टिश्यू पेपर फिरवला आणि कागदावर पिवळसर डाग उमटला.

तेल कॉम्प्रेसरच्या हवेतून येत होतं. भरण्याआधी बाटलीत हवेचा झोत मारून धूळ काढतात, त्या झोताची नळी फिलिंग मशीनच्या एफआरएलच्या पुढे जोडलेली होती. एफआरएल म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर. यातला लुब्रिकेटर मशीनच्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरला वंगण मिळावं म्हणून हवेत मुद्दाम तेल सोडतो. वरच्या पारदर्शक घुमटात थेंब टपटप पडताना दिसतो. कधीतरी कुणाला तिथे टी (तीन तोंडांचा पाइप-जोड) मोकळा सापडला आणि त्याने जोड मारून दिली. कॉम्प्रेसर मात्र ऑइल-फ्री, त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलेलं.

गेली अठरा वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी हेच काम करतोय, आणि गोष्ट बहुतेक वेळा तीच असते. हवेची काळजी कॉम्प्रेसर रूममध्ये घेतली जाते, हवा मालाला लागते ती तिथून दीडशे फुटांवर. म्हणून दोष शोधायला सुरुवात नोझलपासून करा आणि मागे मागे जा.

मालाला लागणारी हवा लुब्रिकेटरच्या आधी काढा. शक्य असेल तर वेगळी लाइनच टाका. हल्लीचे बरेच सिलिंडर कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात, त्यांना तेल लागत नाही. पण ज्या सिलिंडरला इतकी वर्षं तेल दिलं, त्याचं मूळ ग्रीस धुऊन गेलेलं असतं. लुब्रिकेटर एकदम बंद केलात तर सील खराब होतील. आधी सिलिंडरचं सील किट बदला, ग्रीस भरा, मग बंद करा. सिलिंडरची वापरलेली हवा बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टचं तोंड उघड्या बाटल्यांवर येत नाही ना, तेही पाहून घ्या.

आता पाणी. "ऑटो ड्रेन (साचलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह) आहे ना" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. 100 सीएफएमचा (मिनिटाला 100 घनफूट हवेचा) कॉम्प्रेसर तासाला साधारण 170 घनमीटर हवा ओढतो. पावसाळ्यात तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के धरली, तर दर घनमीटरमागे सुमारे 24 ग्रॅम बाष्प, म्हणजे तासाला चार लिटर पाणी. दहा तासांच्या शिफ्टला चाळीस लिटर. हे पाणी आफ्टरकूलर (हवा थंड करणारा), रिसिव्हर (हवेची टाकी) आणि ड्रायरच्या ड्रेनमधून बाहेर पडलं नाही तर लाइनमध्येच जाणार. गंज आणि चिकट गाळ अडकून ऑटो ड्रेन तुंबतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दर शिफ्टला टेस्ट बटण दाबा आणि पाणी येतं का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जुलैत रिसिव्हरच्या ड्रेनमधून पाणी आलं नाही, तर खूश होऊ नका.

ड्रायरची नेमप्लेटही वाचा. तिथली क्षमता बहुधा आत येणारी हवा 35 अंशांची धरून दिलेली असते. पत्र्याच्या शेडमध्ये, कॉम्प्रेसरची गरम हवा तिथेच घुमत असताना, मिळते पंचेचाळीसची. मग ड्रायर चालू दिसतो आणि पाणी पुढे जात राहतं. ओल्या पाइपात जिवाणू वाढतात. शाम्पू, लोशन, हँडवॉश हे पाण्यावर आधारलेले पदार्थ, त्यांच्यात स्यूडोमोनास या जिवाणूला आयतंच घर मिळतं, आणि सगळा भार एकट्या प्रिझर्व्हेटिव्हवर टाकणं मला बरोबर वाटत नाही. डिटर्जंट पावडरचे गठ्ठे होतात, हवेच्या झटक्याने झटकल्या जाणाऱ्या पल्स-जेट धूळ-फिल्टरच्या पिशव्या लिंपून जातात. पावडरीसाठी 3 अंशांच्या दवबिंदूचा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) रेफ्रिजरेशन ड्रायर बऱ्याचदा पुरत नाही; उणे 40 देणारा, ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डेसिकंट ड्रायर लागतो.

ड्रायरनंतरचा जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आतून गंजलेला असेल तर मागचं सगळं वाया. ब्लीच बनवणाऱ्यांनी इथे जास्त सांभाळावं. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये लोखंड, तांबं किंवा निकेलचा अंश गेला की त्याचं विघटन वेगाने होतं, ऑक्सिजन सुटतो आणि बाटल्या फुगतात. मेन लाइनवरून फांदी घेताना पाइपच्या वरच्या बाजूने घ्या, खालून घेतली की साचलेलं पाणी सरळ मशीनवर.

छोट्या युनिटमध्ये फिनाइल किंवा डिशवॉश ढवळायला टाकीत थेट हवा सोडतात. तसं करायचंच असेल तर ती हवा मालातच जाते आहे हे धरून फिल्टर लावा. डायाफ्राम पंपाचा पडदा फाटला तरी हवा मालात शिरते. डिलिव्हरीत अचानक बुडबुडे दिसू लागले किंवा पंपाच्या सायलेन्सरमधून शाम्पूचे थेंब उडाले, तर पंप लगेच थांबवा.

ऑइल-फ्री कॉम्प्रेसर स्वतः तेल मिसळत नाही, एवढंच. हवा आत ओढणाऱ्या इनटेकजवळ डीजी सेटचा (डिझेल जनरेटरचा) धूर किंवा सॉल्व्हंटचं गोडाऊन असेल तर तो वास आत येणार, आणि 7 बार दाबाला आठपट दाटून येणार. कोलेसिंग फिल्टर तेलाचे थेंब अडवतो, बाष्प नाही. बाष्पासाठी कार्बन फिल्टर लागतो, आणि तो संपला तरी फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणाऱ्या डिफरन्शियल गेजचा काटा हलत नाही. तास मोजून बदला.

खरेदीच्या कागदावर नुसतं "स्वच्छ हवा" लिहू नका. आयएसओ 8573-1 या कॉम्प्रेस्ड हवेच्या मानकात कण, पाणी आणि तेल यांचे वेगवेगळे वर्ग आहेत. याच क्रमाने 1.4.1 लिहिलं की पाण्याचा दवबिंदू 3 अंशांपर्यंत आणि तेल, बाष्प धरून, घनमीटरमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंत, असं पक्कं ठरतं. जिवाणूंचा वर्ग त्यात नाही. ती मर्यादा तुमच्या क्यूएने (गुणवत्ता विभागाने) ठरवायची. आणि नमुना घ्यायचा तो शेवटच्या नोझलवर, पावसाळ्यात, लाइन पूर्ण भारावर असताना.

रबाळ्याच्या त्या कारखान्यात झोताची लाइन वेगळी झाली. पहिली बाटली लावण्याआधी तोच ऑपरेटर पाच मिनिटं पांढरा कागद झोतासमोर धरतो आणि तारीख टाकून रजिस्टरला चिकटवतो.