लेआऊटच्या बोअर-टाकीचा ऑनलाइन अर्ज: लॅपटॉप उघडायच्या आधी

दिवाळी झाली की लगेच लागा कामाला, हे पहिलं. नागपुरात पाण्याची आठवण सगळ्यांना मार्च संपता संपता येते आणि तेव्हा अर्ज टाकला तर ४५ डिग्रीत टँकरमागे बादल्या घेऊन पळताना फाईल अजून कुणाच्या तरी लॉगिनला पडलेली असते. आमचा लेआऊट रिंगरोडच्या बाहेर, ६४ प्लॉट, टँकरवर जगणारा. सगळ्यांनी मिळून एक बोअर, एक उंच टाकी आणि घरोघर लाईन असं ठरलं, ऑनलाइन अर्ज केला आणि तो तीनदा परत आला. तिन्ही वेळा चूक आमचीच होती, साइट स्लो आहे म्हणून आम्ही बोंबलत होतो तो भाग वेगळा. फॉर्म भरायला अर्धा तासही लागत नाही, त्याच्या आधीचे कागद जमवायला दीड-दोन महिने जातात, म्हणून हे लिहून राहिलो.

तर आधी हे बघा की तुमची हद्द कोणाची. मनपाची, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), की नगरपंचायत-ग्रामपंचायतीची. ऐकायला सोपं वाटतं पण बाहेरच्या भागात शेजारशेजारचे दोन लेआऊट दोन वेगळ्या कार्यालयांत जातात, आणि हुडकेश्वर-नरसाळ्यासारखा भाग आधी गाव होता मग मनपात आला, त्यामुळे जुन्या लोकांकडचे कागद एका नावाचे आणि आजची हद्द दुसरीच. टॅक्सची ताजी पावती आणि आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, बाजूबाजूला ठेवा म्हणजे अंदाज येतो, आणि तरी शंका असली तर अर्ज टाकायच्या आधी एक चक्कर मारून विचारून घ्या. चुकीच्या पोर्टलवर भरलेला अर्ज तिथून इथे आपोआप सरकत नाही, नव्याने भरावा लागतो. त्याच चकरेत हेही विचारा की पाइपलाइनचं नेटवर्क तुमच्याकडे येणार आहे का. शहराला पाणी पेंच आणि कन्हानचं, अमृत योजनेत बाहेरच्या बऱ्याच वस्त्यांत लाईन आणि टाक्या झाल्या. तुमचा भाग पुढच्या यादीत असला तर बोअरवर लाखो रुपये घालायचे की वर्षभर थांबायचं हे आधी भांडून घ्या, अर्ज केल्यावर नको.

आता जागा. इथे आमचा पहिला अर्ज परत आला. आम्ही जागेच्या रकान्यात आपण रोज बोलतो ते वस्तीचं नाव टाकलं आणि मौजा, म्हणजे महसूल नोंदीतलं गाव, निघाला भलताच. म्हणून मौजा, खसरा नंबर (जमिनीचा गट नंबर), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) हे तिन्ही सातबाऱ्यावरून बघून जसंच्या तसं लिहा, सातबाऱ्यावर खसरा ४५/१ अ असेल तर अर्जात ४५/१ लिहून चालत नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयांत निघतो, तोच काढा, पटवाऱ्याकडून आणलेला चार वर्षांपूर्वीचा झेरॉक्स लावू नका. सिटी सर्व्हे झालेला असेल तर आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. क्षेत्रफळाचा घोळ तर विचारू नका, सातबाऱ्यावर हेक्टर-आर, मंजूर नकाशात चौरस मीटर आणि आपल्या तोंडात स्क्वेअर फूट. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, एका कोऱ्या कागदावर तिन्ही हिशोब मांडून ठेवा आणि प्रत्येक फॉर्ममध्ये तोच आकडा टाका, राउंड फिगर करायचा मोह आवरा. आणि टाकी जिथे बांधायची ती ओपन स्पेस आपलीच आहे असं सगळे धरून चालतात, तिथे आपण गणपती बसवतो म्हणून ती आपली होत नाही. मंजूर लेआऊट नकाशात ती कशासाठी राखीव आहे आणि कोणाकडे हस्तांतरित झाली ते बघा, हस्तांतरित झाली असेल तर ना-हरकत पत्राशिवाय पुढे जाऊच नका.

अर्ज कोणाच्या नावाने हा प्रश्न आला की मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघतात. एखाद्या काकाजींच्या नावाने नको, संस्थेच्या नावाने करा. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर तिचं रजिस्ट्रेशन, नाही तर प्लॉटधारकांची संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदवलेली, तिचं प्रमाणपत्र, पॅन, आणि बँक पासबुकचं पहिलं पान. तिन्ही कागदांवर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का बघा, कारण एका ठिकाणी मर्या. आणि दुसरीकडे मर्यादित एवढ्यावरून आमच्या बँकेने आठवडा खाल्ला. मग ठराव. 'सर्वानुमते ठरले की पाण्याची सोय करावी' एवढं लिहून भागत नाही, कोणतं काम, कोणत्या जागेवर, अंदाजे खर्च, आणि अर्जावर सही करायचा अधिकार कोणाला, हे चार मुद्दे ठरावात पाहिजेत, खाली हजर सभासदांच्या सह्या, आणि प्रोसिडिंग बुकच्या त्या पानाची खरी प्रत. ज्या दोघा-तिघांचा विरोध आहे त्यांचा विरोधही लिहून घ्या, लपवला तर तेच लोक पुढे तक्रार टाकतात. हमीपत्र करायचं असेल तर ५०० चा स्टँप आणा, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा बंद झालाय, आमच्या सेक्रेटरींनी जपून ठेवलेला १०० चा कोरा स्टँप तसाच कपाटात पडला आहे.

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो पाण्याच्या हिशोबावरून आणि ते आठवलं की अजून हसू येतं. हिशोब साधा आहे, शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात, ६४ घरं, घरटी ५ माणसं म्हणजे ३२० माणसं, गुणिले १३५ बरोबर ४३,२०० लिटर रोजचे. इथपर्यंत बरोबर. फॉर्ममध्ये मात्र रकाना होता किलोलिटर प्रतिदिनचा आणि आमच्या पोराने त्यात ४३,२०० ठोकून दिलं. म्हणजे ४ कोटी ३२ लाख लिटर, ६४ घरांना! तपासणाऱ्या साहेबांनी शेऱ्यात फक्त प्रश्नचिन्ह टाकलं होतं. भरायचं होतं ४३.२. तेव्हा लिटर, किलोलिटर, घनमीटर हे बघूनच भरा, १ घनमीटर आणि १ किलोलिटर एकच, १००० लिटर. गावाकडच्या योजनेत जलजीवन मिशनचा हिशोब माणशी ५५ लिटरचा असतो, तो शहरी अर्जात उचलून टाकू नका. आणि आजचीच घरं मोजू नका, रिकाम्या प्लॉटवर उद्या तीन मजली होणार आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून आजचं आणि पुढचं असे दोन तक्ते लावा.

बोअरचं म्हणाल तर मशीनवाल्याला ॲडव्हान्स देऊन मोकळे होऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१० साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे खोदायच्या निदान १५ दिवस आधी जागामालकाने संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, त्या पत्राची पोच घ्या, आणि ज्याची मशीन येणार त्याची नोंदणी आहे का तेही बघून त्याची प्रत ठेवा. खोदकामाच्या जागी बोर्ड, भोवती तारेचं कुंपण, नंतर केसिंगभोवती, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाभोवती, सिमेंटचा ओटा ०.५० बाय ०.५० बाय ०.६० मीटरचा, त्यातला ०.३० जमिनीवर आणि ०.३० खाली, आणि तोंडाला लोखंडी झाकण. हे सगळं उघड्या बोअरमध्ये लेकरं पडू नयेत म्हणून आलेलं आहे, तेव्हा ते ड्रॉइंगमध्येच दाखवून टाका, कुणी मागायची वाट बघू नका. जवळपास सरकारी विहीर किंवा हातपंप आहे का तेही मोजा, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरचा मुद्दा १९९३ च्या भूजल कायद्यापासून चालत आलेला आहे. शोषखड्डे किती लांब आहेत ते तर टेप लावूनच बघा, निदान १८ मीटर अंतर पाहिजे, आणि आपल्या लेआऊटांमध्ये प्रत्येक घरामागे सेप्टिक टँक असतो, म्हणून बोअरची जागा वाटते तितकी मोकळी नसते. पाणाड्याने नारळ फिरवला त्याला माझा विरोध नाही, आमच्याकडेही फिरवला, पण अर्जाला भूजलतज्ज्ञाचा अहवाल जोडा, नारळ अपलोड होत नाही. पश्चिमेकडे काळा बेसाल्ट आणि पूर्वेकडे जुना ग्रॅनाइटसारखा खडक, त्यामुळे अंबाझरीकडच्या साळ्याला २०० फुटांवर पाणी लागलं म्हणून पारडीकडे तेवढ्यातच लागेल असं काही नसतं.

पाणी लागलं की प्यायच्या आधी तपासणी, आणि त्याचा रिपोर्ट पुढच्या टप्प्याला लागतोच. भूजल सर्वेक्षणची प्रयोगशाळा आहे, चौकशी करून नमुना नेमका कसा आणि कोणत्या बाटलीत आणायचा ते विचारा, कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेलेला नमुना जंतूंच्या तपासणीला बाद. रिपोर्टमधले आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे असतात, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, तो ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवतात, पण नायट्रेटला ४५ च्या वर सूट नाही, आणि सेप्टिक टँकच्या गर्दीत तेच आधी वाढतं. फ्लोराइड १ च्या आत असावं, फार तर १.५.

टाकीचं ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचंच द्या. ४५,००० लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचं वजन ४५ टन होतं आणि आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा माती परीक्षण केल्याशिवाय पाया ठरवू नका. ठेकेदार म्हणेल की भाऊ शंभर टाक्या बांधल्या, तर म्हणू द्या.

पाइपलाइन रस्ता ओलांडत असेल तर ती वेगळी परवानगी, वेगळा अर्ज, वेगळे पैसे, आणि रस्ता कोणाचा हे पुन्हा शोधा. नागपुरात आता गल्लीगल्लीत सिमेंट रोड, तो फोडून पुन्हा करून द्यायचा खर्च डांबरीच्या मानाने डोळे पांढरे करणारा. म्हणून नकाशा काढतानाच लाईन अशी न्या की सिमेंट रोड एकदाच ओलांडायचा, आणि जमलं तर जुन्या पुलियाखालून. पावसाळ्यात खोदकामाला सहसा हो म्हणत नाहीत, हेही दिवाळीनंतर लागायचं एक कारण. विजेचं मीटर संस्थेच्या नावाने वेगळं, महावितरणचा अर्जही ऑनलाइनच आहे, त्यात लोड किलोवॅटमध्ये विचारतात आणि पंपवाला सांगतो एचपी, १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, ५ एचपीचे झाले ३.७३.

मग बसा लॅपटॉपवर. मोबाइल नंबर आणि ईमेल असा द्या जो अध्यक्ष बदलला तरी चालू राहील, आमचा ओटीपी माजी सचिवांच्या फोनवर जायचा आणि ते गेले होते पुण्याला मुलाकडे, त्यांना दुपारी झोपेतून उठवून सहा आकडे विचारायचे म्हणजे काय ते मला विचारा. स्कॅन दुकानातून करून घ्या, फोनने काढलेल्या फोटोत बोट येतं आणि साइज वाढतो. किती केबी चालतात ते फॉर्मवर लिहिलेलं असतं ते आधी वाचा आणि फाईलची नावं साधी ठेवा, सातबारा, ठराव, नकाशा, अशी. तिसऱ्यांदा अर्ज परत आला तो अक्षांश-रेखांशावरून. नागपूर साधारण २१.१ अक्षांश आणि ७९.१ रेखांशावर आहे, आमच्याकडून दोन्ही उलटे पडले आणि नकाशावरचा ठिपका गेला उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डच्या बर्फात, तिथे बोअरची गरज नसावी. आकडे टाकले की सबमिट करायच्या आधी नकाशावर ठिपका कुठे पडतो ते बघा. पैसे कापले गेले आणि स्क्रीनवर पेंडिंग आलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. अर्ज क्रमांक ग्रुपवर टाका पण पासवर्ड टाकू नका, आमच्याकडे टाकला होता.

अर्ज पुढे सरकला की जागा बघायला माणूस येतो, कधी येईल ते आदल्या दिवशी संध्याकाळी कळतं. बोअर आणि टाकीच्या जागेवर चुन्याच्या रेघा मारून ठेवा, मोठा नकाशा, ३० मीटरचा टेप आणि सगळ्या मूळ कागदांची फाईल हाताशी, आणि बोलायला एकच माणूस ठेवा, दहा जण एकदम बोलायला लागले की टाकीची जागा तिथल्या तिथे बदलते. आधी जागा दाखवा, फोटो काढू द्या, चहा-पोहे मग. आमच्याकडे तर्री वाढता वाढता सहा वाजले, डिसेंबरचा अंधार पडला, फोटो सगळे काळे आले आणि साहेबांना परत यावं लागलं, ते आले पुढच्या महिन्यात.