झेब्राफिशमध्ये कर्करोगाची पहिली पेशी कशी शोधावी

नागपुरात तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण डॉक्टरांसमोर येतो, तेव्हा गाठ पुष्कळदा बोटाला लागण्याइतकी वाढलेली असते. खर्रा सुरू केल्यापासून त्या दिवसापर्यंत पेशींमध्ये काय घडत गेले, ते कोणी पाहिलेले नसते. झेब्राफिश या छोट्या पट्टेदार माशाच्या जनुकसुधारित जातींचा उपयोग नेमका या न दिसलेल्या काळासाठी आहे.

नवख्या अभ्यासकाने मेलॅनोमापासून, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगापासून, सुरुवात करावी. हा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, तरी माशाच्या अंगावरचा काळा डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो, ही सोय मोठी आहे. २००५ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या मानवी बीआरएएफ जनुकाचे व्ही६००ई हे बिघडलेले रूप माशाच्या रंगपेशींत कार्यरत केले, तेव्हा माशांवर केवळ तिळासारखे डाग उमटले. ज्यांच्यात पी५३ हे गाठी रोखणारे जनुकही निकामी होते, त्यांनाच मेलॅनोमा झाला. म्हणून केवळ बीआरएएफ, केवळ पी५३, दोन्ही बिघाड आणि एकही नाही, असे चार गट ठेवावेत. केवळ पी५३ निकामी असलेल्या माशांनाही पुढे नसांच्या आवरणात गाठी होतात, त्यामुळे प्रत्येक गाठीचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली खात्री केल्याशिवाय तिला मेलॅनोमा म्हणू नये.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मान्यता मासे आणण्यापूर्वीच घ्यावी.

पाणी सुमारे २८.५ अंशांवर आणि दिवे चौदा तास सुरू, दहा तास बंद ठेवावेत. इतर ठिकाणी पाणी गरम ठेवण्याची काळजी असते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा ते थंड ठेवणे अधिक कठीण असते. भ्रूणांची वाढ ३३ अंशांपुढे बिघडते, म्हणून वीज गेल्यावर इन्क्युबेटर आणि वातानुकूलन आपोआप जनरेटरवर जाईल अशी व्यवस्था हवीच. नळाच्या पाण्यातले क्लोरीन पूर्णपणे काढल्याशिवाय ते टाक्यांत सोडू नये.

खरे कौशल्य अंड्यात जनुक घालण्यात आहे. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एकाच टाकीत, मध्ये पडदा घालून, वेगळे ठेवावेत. सकाळी दिवे लागल्यावर पडदा काढला की थोड्याच वेळात अंडी पडू लागतात. ती चहाच्या गाळणीने उचलून अगारोजच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) खाचांत रांगेने लावावीत. पहिली पेशी दुभंगण्याआधी सुमारे चाळीस मिनिटेच मिळतात, त्यामुळे सुई आधीच तयार हवी: तिचे टोक चिमट्याने हलकेच मोडावे, खनिज तेलात एक थेंब सोडावा आणि व्यास मोजावा. ०.१२५ मिलिमीटर व्यासाचा थेंब म्हणजे साधारण एक नॅनोलीटर होय. टोल२ या जनुक बसवण्याच्या प्रणालीतील डीएनए आणि ते गुणसूत्रात बसवणाऱ्या विकराचा आरएनए यांच्या मिश्रणात थोडा फेनॉल रेड हा रंग घातला, तर लालसर ठिपका बलकावरच्या त्या एका पेशीत उतरला की नाही हे लगेच कळते. त्याच खेपेतील काही अंडी तुलनेसाठी सुई न लावता वेगळी ठेवावीत.

डीएनएसोबत हृदयात हिरवा प्रकाश देणारी खूण जोडलेली असेल, तर दोन दिवसांच्या भ्रूणात धडधडणारा हिरवा ठिपका पाहून पुढे वाढवायचे भ्रूण निवडता येतात. यानंतर घाई करू नये. मासे सुमारे तीन महिन्यांत प्रौढ होतात. त्या काळात प्रत्येक माशाला ट्रायकेनने हलकी भूल देऊन दर आठवड्याला एकाच बाजूने, एकाच प्रकाशात छायाचित्र घ्यावे, कारण डाग दिसल्यावर मागे जाऊन तपासायला हीच नोंद उपयोगी पडते. २०१६ मध्ये बोस्टनच्याच प्रयोगशाळेने, एरवी भ्रूणातच जागे असणारे क्रेस्टिन जनुक प्रौढ माशाच्या एकाच पेशीत पुन्हा जागे झाल्याचे हिरव्या प्रकाशावरून टिपले आणि पुढे तिथेच मेलॅनोमा वाढताना पाहिला. इतके बारकाईने पाहायचे असेल, तर आपल्या माशांतही अशी खूण सुरुवातीपासूनच ठेवावी लागते.

गाठीमुळे मासा नीट पोहू किंवा खाऊ शकत नसेल, तर त्याच दिवशी ट्रायकेनच्या मोठ्या मात्रेने त्याला वेदनारहित मृत्यू द्यावा. झेब्राफिश भारतीय नद्यांचाच मासा असल्याने, निसटलेला जनुकसुधारित मासा रानातल्या आपल्या भाऊबंदांशी संकर करू शकतो; म्हणून सांडपाण्याच्या प्रत्येक वाटेवर बारीक जाळी बसवावी आणि नको असलेली अंडी ब्लीचमध्ये नष्ट केल्याशिवाय मोरीत टाकू नयेत.