कोकणात पोर्ट्रेट शूट करताय? या चुका टाळा, नाहीतर समुद्र मस्त येईल आणि चेहरा काळा

कोकणात शूटला येणारी मंडळी लोकेशन ठरवतात, साडी ठरवतात, मेकअपवालीला अॅडव्हान्स देतात, पण भरती किती वाजता आहे हे कोणी बघतच नाही. मग संध्याकाळी साडेपाचला बीचवर उतरतात तर पाणी थेट सुरूच्या झाडांपाशी आलेलं, वाळू शिल्लकच नाही, मॉडेल नऊवारी सावरत दगडावर उभी आणि सगळ्या टीमची तोंडं वाकडी.

आमच्याकडे जुन्या माणसांचा साधा हिशोब आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघायची आणि पाऊणने गुणायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. म्हणजे अष्टमीला ऐन सूर्यास्ताच्या टायमाला समुद्र भरलेला असणार, त्या दिवशी बीचवर पोर्ट्रेट ठेवूच नका. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, त्यामुळे सहाच्या सुमाराला ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांब मागे जातं. ती ओली रुंद वाळू मिळाली की निम्मं काम झालं, आभाळाचा उजेड खालूनही चेहऱ्यावर येतो. हिशोब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, नेमकी वेळ टाइड टेबलवर, म्हणजे भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बघा. आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मित्राने मागच्या आठवड्यात सांगितलेली वेळ आज चालणार नाही.

दुसरी चूक वाऱ्याची. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, पण शूटच्या दिवशी आठवत नाहीत. दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तुम्ही मॉडेलला सूर्यास्ताकडे पाठ करून उभं केलंत की वारा मागून येणार आणि सगळे केस तोंडावर, मग हेअरस्प्रेचा अर्धा डबा संपतो तरी काही उपयोग नाही. तिला थोडं तिरकं वळवा, वारा गालावर येऊ द्या, केस आपोआप मागे जातात आणि पदरही छान उडतो. फ्लॅशला छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावणार असाल तर स्टँडला वाळूची पिशवी बांधाच, वाळू तर तिथे फुकटच आहे.

आता चेहरा काळा का येतो? कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी राखाडी धरून चालतो. मागे चमकतं पाणी आणि आभाळ असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो एक्सपोजर कमी करतो आणि माणूस अंधारात जातो. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर घ्या, नाहीतर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन एक-दीड स्टॉप वर न्या, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. त्याने आभाळ जळत, म्हणजे पांढरंफटक येत असेल तर आधी आभाळासाठी एक्सपोज करा आणि चेहऱ्यावर फ्लॅश टाका. बऱ्याच कॅमेऱ्यांचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर, १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच असतो. त्याच्या वर शटर गेलं की फोटोत काळा पट्टा येतो आणि लोक फ्लॅश बिघडला म्हणून दुकानात घेऊन जातात. फ्लॅशचं हाय स्पीड सिंक (जलद शटरलाही चालणारा मोड) चालू करा किंवा लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, बस.

तसं माझं मत विचाराल तर रोज सूर्यास्तच कशाला पाहिजे? आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी सूर्य डोंगराआडून येतो, त्यामुळे उजाडल्यावर बराच वेळ बीचवर मऊ उजेड असतो आणि गर्दीही नसते. आणि घराची पडवी तर फुकटचा स्टुडिओ आहे. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अॅव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, भटके, खाटीक अशा लोकांची पोर्ट्रेट्स काढली ती सावलीत, मागे पांढरा कागद लावून. आपल्याकडे कागद नसला तर चुन्याची भिंत आहेच.

पण पडवीच्या बाहेर अंगणात लाल माती किंवा जांभा असेल तर जपून. ऊन जमिनीवर पडून लाल होऊन वर येतं आणि हनुवटीखाली, नाकाखाली, पांढऱ्या साडीच्या निऱ्यांवर चढतं. व्हाइट बॅलन्स (सगळ्या फोटोच्या रंगाची छटा ठरवणारं सेटिंग) बदलून हे जात नाही, कारण लाली फक्त खालच्या बाजूला असते, ती काढायला गेलात की कपाळ निळं पडतं. उपाय अगदी साधा, फ्रेमच्या बाहेर जमिनीवर पांढरी चादर अंथरा. लालीही जाते आणि डोळ्यांखालची सावलीही भरते. सुपारीच्या बागेत हाच त्रास हिरव्या रंगाचा होतो, वर कवडसे पण पडतात, एक नाकावर एक गालावर. मॉडेलला बागेच्या कडेला आणा, जिथे वर झाड आहे पण समोर मोकळं आभाळ आहे.

लेन्सबद्दल थोडक्यात. मोबाईलच्या वाइड लेन्सने जवळ जाऊन चेहरा काढू नका, नाक मोठं आणि कान गायब. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ एमएम, लहान सेन्सरच्या क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम पुरे. आणि एफ १.८ चं, म्हणजे लेन्सचं तोंड जास्तीत जास्त उघडं ठेवण्याचं वेड कमी करा, ८५ एमएमला दीड मीटरवरून जेमतेम तीन सेंटीमीटर शार्प येतं. चेहरा तिरका असेल तर एक डोळा शार्प, दुसरा धुरकट. एफ ४ ला या, समुद्र तरीही ब्लरच होतो.

दशावताराची पोर्ट्रेट्स काढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. नाटकाआधी कलाकार स्वतःच आरशासमोर रंगरंगोटी करत बसलेले असतात, तो क्षण सगळ्यांना हवा असतो. तिथे एलईडी असेल तर १/५०० शटर ठेवलंत की फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि असे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५० किंवा १/१०० ठेवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) हवा तर चढवा. चेहऱ्यावर फ्लॅश मारू नका, डोळ्यांत काजळ घालत असलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड फेकणं हे फोटोग्राफीआधी माणुसकीत बसत नाही. विचारून काढा. बंदरावर मासळीच्या लिलावात पण तेच, मावशी टोपली सोडून पोझ द्यायला मोकळी नसते, तिचा भाव चाललेला असतो. आणि फोटो ब्रँडच्या जाहिरातीत वापरणार असाल तर तोंडी हो पुरत नाही, सही घ्या आणि मानधन द्या.

शेवटी कॅमेरा. एसी रूममधून थेट बाहेर काढलात की लेन्सवर वाफ धरते, शूटच्या अर्धा तास आधी बंद बॅगेतच बाहेर ठेवा म्हणजे तो हळूहळू गरम होतो. खारं पाणी उडालं तर कोरड्या फडक्याने घासू नका, वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) कण उडवा, मग किंचित ओलं कापड. पावसाळ्यात लेन्स कपाटात चामड्याच्या केसमध्ये कोंबून ठेवू नका, बुरशी धरते. ओल शोषणारं सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि जेल ओलसर झालं की तापवून सुकवून परत टाका.