क्राकोवहून झाकोपाने एका दिवसात: आधी गाडीची जागा ठरवा, मग बाकीचं

पोलंडमधल्या झाकोपाने या डोंगरी गावाला गाडीने जायचंय असं म्हटलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. ‘लवकर निघा, जागा मिळते.’ ‘गावात शिरलात की लागतेच कुठे तरी गाडी.’ ‘मागच्या वर्षी आम्ही रस्त्याच्या कडेलाच लावली, कोणी काही बोललं नाही.’ हे सगळे सल्ले एकट्यादुकट्या माणसाचे. सोबत भारतातून आलेले आई-बाबा, दोन मुलं आणि दशम्यांचा डबा असेल तर ‘कुठे तरी’ ही जागा चालत नाही.

क्राकोव ते झाकोपाने अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर आहे. रस्ता मोकळा असेल तर दोन तास लागतात. गाडी, मुलांच्या सीट, जाकिटं, डोंगरात चालतील असे बूट हे तुम्ही पाहिलेलं असणार, त्यावर मी शाई घालवत नाही.

१. दिवसाचं एकच ठिकाण ठरवा

झाकोपाने हे गाव असलं तरी लोक जातात ती ठिकाणं चारी दिशांना आहेत. क्रुपुफ्की हा फक्त पायी चालणाऱ्यांचा बाजाररस्ता आणि त्याच्या टोकाची गुबाउफ्काची डोंगररेल्वे, हे दोन्ही गावात. कास्प्रोवी व्येर्ख या १९८७ मीटर उंच शिखरावर जाणारा रोपवे कुझ्नित्से भागातून सुटतो, तो गावाच्या दक्षिण टोकाला. आणि मोर्स्के ओको हे तात्रा पर्वतांमधलं सर्वांत मोठं तळं तर झाकोपानेत नाहीच. त्याच्या वाटेचा पायथा गावापासून वीसेक किलोमीटरवर, स्लोव्हाकियाच्या सीमेजवळ आहे.

‘सकाळी तळं, दुपारी रोपवे, संध्याकाळी बाजार’ असा बेत कागदावर छान दिसतो. पण प्रत्येक ठिकाणी नव्याने जागा शोधायची, पुन्हा पैसे भरायचे, आणि सुट्टीच्या दिवशी भर दुपारी जागा नसतेच. माझा नियम असा: गाडी सकाळी एकदा लावायची, ती निघताना हलवायची. मधल्या वेळात कुठे जायचंच असेल तर पायी किंवा मिनीबसने.

२. तारीख

१ ते ३ मेची जोडसुट्टी, मे-जूनमध्ये गुरुवारी येणारा बोझे चाओचा ख्रिस्ती सण, १५ ऑगस्ट (पोलंडमध्येही सुट्टी) आणि नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळा. जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक प्रांताच्या शाळांना वेगवेगळ्या आठवड्यांत हिवाळी सुट्टी असते, तेव्हाही गर्दी. सप्टेंबरातला मधला वार मिळाला तर डोळे झाकून घ्या.

३. मोर्स्के ओकोला जाणार असाल तर हे नीट वाचा

बहुतेकांचा दिवस इथेच बिघडतो.

या वाटेचा पायथा म्हणजे पालेनित्सा ब्याउचान्स्का. तिथला वाहनतळ तात्रा राष्ट्रीय उद्यानाचा आहे आणि त्याचं तिकीट आधी ऑनलाइन, ठरावीक तारखेसाठी काढावं लागतं. ‘आधी पोचू, मग बघू’ इथे चालत नाही. तिकिटं संपली की संपली. मग तुम्ही पहाटे पाचला पोचलात काय किंवा दहाला काय, वाटेवरचा माणूस गाडी वळवायला सांगतो. मागच्या सीटवर झोपेतून उठलेली मुलं आणि ‘आता काय रे?’ असं विचारणारे बाबा असताना तो यू-टर्न फार लांब वाटतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी उद्यानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कोणत्या दिवसाची तिकिटं शिल्लक आहेत ते पाहा, मग घरात तारीख जाहीर करा. दर दिवसागणिक बदलतो. गर्दीच्या दिवसांना जास्त, एरवी कमी. तेव्हा मित्राने सांगितलेला गेल्या वर्षीचा आकडा धरून बसू नका आणि इथे माझ्याकडूनही आकड्याची अपेक्षा ठेवू नका. पार्किंगचं तिकीट म्हणजे उद्यानाचं प्रवेशतिकीट नव्हे, ते वेगळं काढायचं.

तिकिटाचा कोड फोनमध्ये चित्र म्हणून साठवून ठेवा. त्या दरीत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, आणि असलं तरी फोन बऱ्याचदा स्लोव्हाकियाचं पकडतो. फाटकाशी मागे दहा गाड्या उभ्या असताना ईमेल शोधत बसणाऱ्या कुटुंबाकडे सगळे कसे बघतात हे मी पाहिलं आहे.

तिकीट हातात असलं तरी अगदी पालेनित्सालाच जागा मिळेल असं धरू नका. वरचा तळ भरला की गाड्या थोड्या अलीकडे, विसा पोलाना इथे लावायला लावतात. तिथून किलोमीटरभर जास्त चालायचं. तिथे वाद घालून काही मिळत नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर म्हणूनच सकाळी सातच्या आत पोचायचं गणित करा.

आता रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्यांबद्दल. पायथ्याकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, तिथे थांबायला बंदी आहे आणि गर्दीच्या दिवशी पोलीस खरोखर येतात. दंड होतोच, वर गाडी उचलूनही नेतात. दिवसभर चालून आल्यावर गाडी जागेवर नाही, आणि ती सोडवायला दुसऱ्या गावी जायचंय, हा प्रसंग कोणत्याही पार्किंगच्या दरापेक्षा महाग आहे. ‘सगळ्यांनी लावल्या होत्या म्हणून आम्हीही लावली’ हे उत्तर पोलिसांना पोलिशमध्ये सांगा किंवा मराठीत, परिणाम सारखाच.

नकाशावर ‘मोर्स्के ओको पार्किंग’ शोधलं की खाजगी अंगणांची यादी येते. त्यातली काही अंगणं पायथ्यापासून कित्येक किलोमीटर दूर आहेत. नाव बघून पैसे भरू नका, तिथून पालेनित्सापर्यंतचं पायी अंतर नकाशावर मोजा. आणि हो, पायथ्यापासून तळ्यापर्यंत आणखी आठ-नऊ किलोमीटर डांबरी चढ आहे, फक्त जायचा. बाबागाडी चालते. घोडागाडी तळ्यापर्यंत पोचवत नाही, पुढचं चालावंच लागतं, हे गुडघे दुखणाऱ्या आजीला आदल्या दिवशीच सांगा. तेवढं झेपणारं नसेल तर कवी मित्स्क्येविचच्या नावाच्या धबधब्यापर्यंत, म्हणजे साधारण तीन किलोमीटर जाऊन परत फिरलं तरी दिवस सत्कारणी लागतो.

तिकिटं संपली असतील तरीही बेत मोडत नाही. गाडी झाकोपाने गावात लावा आणि रेल्वे स्टेशनजवळून सुटणाऱ्या मिनीबसने पालेनित्साला जा. स्थानिक लोक तिला ‘बुस’ म्हणतात. पाहुण्यांची मोठी टोळी नसेल तर मला आता हाच मार्ग जास्त आवडतो. परतताना पायांचे तुकडे झालेले असतात, तेव्हा गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवावी.

पालेनित्साला थेट गाडीने जाणार असाल तर झाकोपाने गावात शिरूच नका. पोरोनिनला डावीकडे वळून बुकोविनामार्गे जा. गावातून जाणारी रांग तुमची नाही.

४. कास्प्रोवी व्येर्खला जाणार असाल तर

कुझ्नित्सेपर्यंत खाजगी गाडी जात नाही. अलीकडच्या चौकापासून पुढचा रस्ता बंद असतो, तिथून स्थानिक बस किंवा साधारण अर्धा तास चाल. गाडी त्या चौकाच्या आसपास किंवा व्येल्का क्रोक्येव या स्की-उडीच्या टेकडीखालच्या तळांवर लावा. रोपवेचं तिकीट वेळेसकट आधी घ्या आणि त्या वेळेच्या निदान दीड तास आधी गाडी लागलेली असू द्या. वारा वाढला की रोपवे बंद होतो. तसं झालं तर गाडी हलवायची नाही. कुझ्नित्सेहून कालातुफ्की या डोंगरी कुरणापर्यंतची सोपी वाट धरायची.

५. हात हलवणारे लोक

गावाच्या वेशीपासूनच रस्त्याकडेला माणसं उभी असतात. कोणाच्या हातात झेंडा, कोणाच्या हातात पाटी. तुमच्या गाडीकडे बघून जोरात हात हलवतात, जणू पुढचा रस्ताच संपलाय. थांबू नका. ‘पुढे सगळं भरलंय’ हे त्यांचं रोजचं वाक्य आहे, जागा रिकामी असली तरी. त्यांच्यात काही बेकायदा असतं असं नाही, घरामागचं अंगण त्यांनी वाहनतळ केलेलं असतं आणि कधीकधी तीच चांगली जागा असते. पण ती तुम्ही निवडायची, त्यांनी नाही.

अंगणात शिरण्याआधी खिडकी खाली करून तीन गोष्टी विचारा. दर तासाचा की दिवसाचा? फाटक किती वाजता बंद होतं? आणि माझ्या गाडीपुढे दुसरी गाडी लावणार का? या तिसऱ्या प्रश्नाचा विसर पडतो. अंगणमालक जास्त गाड्या कोंबायला एकीमागे एक लावतो आणि तुम्ही चारला परत आलात की पुढच्या गाडीवाला डोंगरावर असतो. पोलिश येत नसेल तर फोनच्या भाषांतरात प्रश्न तयार ठेवा. रोख झ्लॉटी जवळ असू द्या, सगळीकडे कार्ड घेतात असं नाही. पैसे दिले की चिठ्ठी मागा.

६. गावात सरकारी पट्ट्यावर लावताना

मध्यवर्ती भागातल्या रस्त्यांवर पैसे भरण्याचं यंत्र असतं, त्याला पार्कोमात म्हणतात. ते गाडीचा नंबर टाकायला लावतं. भाड्याची गाडी असेल तर किल्लीवरचा नंबर बघू नका, पाटीचा फोटो काढा आणि त्यावरून टाका. शून्य आणि ‘ओ’ची गल्लत झाली तर पैसे दुसऱ्याच नंबरवर जमा होतात आणि तुमची गाडी न भरलेलीच राहते. मोबाइल ॲप वापरत असाल तर निघण्याआधी त्यात जुन्या गाडीचा नंबर तर साठवलेला नाही ना ते बघा. मागच्या सहलीच्या भाड्याच्या गाडीचे पैसे भरणारे लोक मला माहीत आहेत.

फुटपाथवर लावायची परवानगी असलेल्या ठिकाणीही चालणाऱ्यांसाठी दीड मीटर जागा सोडावी लागते. झेब्रा पट्ट्यापासून आणि चौकापासून दहा मीटर अंतर ठेवा. निळ्या रंगाची, चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असलेली जागा पाच मिनिटांसाठीही घेऊ नका.

सुपरमार्केटचा तळ फुकट दिसतो म्हणून तिथे दिवस काढायचा विचार असेल तर सोडून द्या. बऱ्याच ठिकाणी पहिला तास-दीड तासच फुकट असतो, आणि तोही यंत्रातून शून्य झ्लॉटीची चिठ्ठी काढून काचेमागे ठेवली तर. चिठ्ठी नसली की दंडाची नोटीस गाडीवर. पाटीवरचा बारीक मजकूर फोनने भाषांतरित करून वाचा, मगच दार बंद करा.

७. परतीची वेळ

वाटेतल्या नोवी तार्गपासून झाकोपानेपर्यंत रस्त्याला जायला-यायला एकेकच पदर आहे. सगळी गर्दी त्याच पट्ट्यातून जाते. रविवारी दुपारी तीन ते सात या वेळात क्राकोवकडे निघणं म्हणजे रांगेत बसायची हौस. एक तर दोनच्या आत निघा, नाहीतर आरामात जेवून आठनंतर. उशिरा निघणार असाल तर सकाळी विचारलेला फाटकाच्या वेळेचा प्रश्न कामाला येतो. राब्काजवळच्या दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्यामुळे तो भाग २०२२पासून सुटसुटीत झालाय, पण पोरोनिनची रांग तशीच आहे. आठची वाट बघायची असेल तर गावातल्याच एखाद्या हॉटेलात बसा, आणि बसण्याआधी गाडी त्यांच्या तळावर ठेवली तर चालेल का ते विचारून घ्या. मुलांना गरम ओस्त्सिपेक चीज खाऊ घाला. क्रॅनबेरीच्या मुरंब्यासोबत ते आजीलाही आवडतं.