एफ पट्टीतलं उपासना-गीत: कॅपोने सुटलेली अडचण

वडोदऱ्यात आमच्या मराठी उपासनेत काही गीतं एफमध्ये गातात. गिटारवर नवशिक्याचा हात तिथेच, एफ आणि बी फ्लॅटच्या बारे कॉर्डवर (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायचा कॉर्ड) अडतो. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) 3ऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या घरात, लावून डी, जी, एचे आकार धरले की एफ, बी फ्लॅट, सी ऐकू येतात. डी मायनरसाठी बी मायनरचा आकार लागतो. त्याच्या बारीक चार ताराच छेडा (पहिली सगळ्यात बारीक). कॅपोपासून मोजून 4थी-3री तार 4थ्या फ्रेटवर, 2री 3ऱ्यावर, पहिली 2ऱ्यावर.

कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लगत हवा, मागे सरकला की तार खरखरते. त्याच्या दाबाने सूर चढतो, म्हणून तो लावल्यावरच ट्यूनरने पुन्हा जुळवा. हे बहुतेकजण विसरतात आणि पेटीशी सूर लागत नाही. मंडळी गात असताना कॉर्ड चुकला तरी उजवा हात थांबवू नका, ताल महत्त्वाचा.