ग्लिया डोक्यात बसवायच्यात? पाठ करू नका, नकाशा काढा

ग्लिया म्हणजे मेंदूतल्या न्यूरॉनच्या (चेतापेशींच्या) साथीदार पेशी. अ‍ॅस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट, मायक्रोग्लिया अशी त्यांच्या प्रकारांची यादी घोकायची आणि पेपरात एकीचं काम दुसरीला लावून यायचं, हे मी पण केलंय. मग लक्षात आलं की प्रत्येक पेशीला दोनच प्रश्न विचारायचे, जन्म कुठला आणि इथवर आलीस कशी.

कोरा कागद, चार रंग घ्या. उंदराच्या गर्भाच्या पुढच्या मेंदूचा आडवा छेद काढा, मधे पोकळी, बाहेर पृष्ठभाग, चित्र वाकडं आलं तरी चालेल. पोकळीच्या कडेपासून पृष्ठभागापर्यंत लांब धागे ओढा, ह्या रेडियल ग्लिया. आधी लोकांना वाटायचं की ह्या म्हणजे न्यूरॉनना चढायला नुसत्या शिड्या, पण २००० च्या आसपास कळलं की न्यूरॉन जन्माला घालणाऱ्याही ह्याच. आधी न्यूरॉन आणि मग ग्लिया, हा क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. तयार झालेले न्यूरॉनच सिग्नल सोडतात की आता पुरे, आणि नॉच, सॉक्स-९ वगैरे पेशीतली नियंत्रक प्रथिनं मिळून गाडी ग्लियाकडे वळवतात.

आता लाल रंग, मायक्रोग्लिया. ही खरी पाहुणी! बाकीच्या सगळ्या मेंदूच्याच भिंतीतून येतात, ही योक सॅकमधून (गर्भाला जोडलेल्या, त्याच्या बाहेरच्या पिशवीतून) येते, उंदरात गर्भाच्या साधारण साडेनवव्या दिवसापर्यंत आत शिरलेली असते, म्हणजे बाकी ग्लिया बनायच्या कितीतरी आधी. म्हणून तिचा बाण कागदाच्या बाहेरून आणा, एवढं केलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

अ‍ॅस्ट्रोसाइटला छोटे बाण पुरतात, कारण त्या फार फिरत नाहीत, रेडियल ग्लियापासून बनतात आणि उंदराच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) तर जन्मानंतर जागच्या जागी विभागून संख्या वाढवतात.

सगळ्यात जास्त वेळ ऑलिगोडेंड्रोसाइटवर घालवा, मजा इथेच आहे. त्यांच्या पूर्वपेशी, म्हणजे ओपीसी, तीन लाटांत येतात: पहिली खालच्या भागातून साडेबाराव्या दिवसाच्या सुमारास, दुसरी जरा वरून काही दिवसांनी, तिसरी जन्माच्या आसपास खुद्द कॉर्टेक्समधून. ह्यांचे बाण लांब काढा आणि रक्तवाहिन्यांना चिकटवून काढा, कारण त्या रक्तवाहिन्या धरूनच सरकतात. आणि गंमत म्हणजे एवढी धावपळ करून आलेल्या पहिल्या लाटेतल्या बहुतेक पेशी कॉर्टेक्समधून जन्मानंतर नाहीशा होतात, त्यामुळे तो बाण पुढे तुटक करा.

(ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात हे कुणी सांगितलं तर लिहू नका, २००९ च्या मोजणीत माणसाच्या मेंदूत न्यूरॉन ८६ अब्ज आणि बाकी सगळ्या पेशी मिळून ८५ अब्ज निघाल्या.)

शेवटी ओपीसीचे ठिपके सारख्या अंतरावर द्या, त्या एकमेकींना खेटत नाहीत. मग एक ठिपका खोडा आणि शेजारचा विभागून ती जागा भरतोय असं दाखवा, पूर्ण वाढलेल्या उंदराच्या मेंदूतही हेच चालू असतं.