हायड्रोजन ट्रकचा फ्युएल सेल : या चुका टाळा

केंद्राने मार्च 2025 मध्ये हायड्रोजन वाहनांच्या चाचणीसाठी जे मार्ग मंजूर केले, त्यांत पुणे–मुंबई आहे. तोच महामार्ग पुढे कोल्हापूरवरून बेंगळुरूला जातो, त्यामुळे इकडच्या कारागिरांना ही विद्या आज ना उद्या शिकावीच लागेल. मला दिसलेले बहुतेक बिघाड हायड्रोजनचे नव्हते. डिझेलवर बसलेला हात तसाच फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रणेवर, चालवल्याचे होते.

सर्वांत महागडी चूक कूलंटची. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात ट्रकची फ्युएल सेल यंत्रणा चाचणीसाठी बसवली होती. टाकीतली पातळी किंचित खाली दिसताच एका नवशिक्याने शेजारच्या डिझेल ट्रकसाठी आणलेले हिरवे कूलंट बिनदिक्कत ओतले. यंत्रणा सुरू होताच इन्सुलेशन बिघाडाचा इशारा देऊन बंद पडली. त्यानंतर वायरिंग सोडवले गेले, कनेक्टर पुसले गेले, चांगला सेन्सरही बदलला गेला. पण टाकीत काय ओतले, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. स्टॅकमध्ये, म्हणजे एकाला एक लावून रचलेल्या सेलच्या थप्पीत, शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि कूलंट त्याच्या प्लेटांना लागूनच वाहते, म्हणून त्याची विद्युतवाहकता सहसा 5 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात. साध्या कूलंटमधील क्षार ती कित्येक पटींनी वाढवतात. अखेर सगळे कूलंट काढून, मीटरवरील आकडा उतरेपर्यंत डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने यंत्रणा पुन्हा पुन्हा धुवावी लागली आणि आयन शोषणारे कार्ट्रिजही नवे घालावे लागले. माझ्याकडे या कूलंटचा कॅन कुलपात असतो आणि वाहकता मोजून वहीत लिहिल्याशिवाय मी यंत्रणा सुरू करू देत नाही. पोरांना हा जाच वाटतो, वाटू द्या.

दुसरी चूक एअर फिल्टरची, आणि आपल्या भागात ती अधिक भोवते. गळीत हंगामात साखर कारखान्यांत रस शुद्ध करण्यासाठी गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वापरतात, तर फाउंड्रीच्या कोकच्या भट्ट्यांतूनही गंधकयुक्त वायू निघतो. तो स्टॅकमधील अभिक्रिया घडवणाऱ्या प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि व्होल्टेज हळूहळू उतरते. कागदी फिल्टर फक्त धूळ अडवतो. वायूसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो. तो थर भरला की कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर ‘साफ’ करण्याला काही अर्थ उरत नाही, तरी हा उद्योग दर हंगामात चालतोच. उसाच्या पट्ट्यात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मी किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता आधीच बदलतो.

गाडी थांबताच मेन स्विच पाडू नये, कारण बंद होताना यंत्रणा स्टॅकमधले पाणी बाहेर काढत असते. गळती साबणाच्या पाण्याने किंवा डिटेक्टरने शोधावी. हायड्रोजनला वास नसतो, त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही आणि हवेत 4 ते 75 टक्के प्रमाणात तो पेट घेतो, त्यामुळे काडी ओढून पाहणाऱ्याला मी शेडबाहेर काढतो. शेडच्या माथ्यावर झरोका हवाच, कारण हा वायू वर जाऊन साठतो.

आंबा घाट चढताना ताकद कमी झाली, की लगेच स्टॅकला दोष देण्याची घाई होते. इंधनातील जवळपास निम्मी ऊर्जा उष्णता होऊन निघते. डिझेल इंजिनात बरीच उष्णता धुराबरोबर जाते, इथे मात्र जवळजवळ सगळी रेडिएटरलाच काढावी लागते, आणि कूलंटचे तापमान कमी असल्याने ते काम आणखी अवघड होते. तापमान वाढले की यंत्रणा स्वतःच ताकद उतरवते. अशा वेळी रीसेट मारत बसण्याऐवजी रेडिएटरच्या जाळीतील चिखल आणि उसाचा पाचोळा आधी काढावा, मग पंखे तपासावेत.